'स्टार ट्रेक'ची अ‍ॅनिमेटेड मालिका आणि फॉस्टर यांच्या १० 'लॉग' पुस्तकांविषयी

मृगनक्षत्र

'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळमालिकेचा विषय निघाला की १९६६ ते १९६९ मधली मूळ मालिका आणि १९७९ चा पहिला चित्रपट यांच्यामध्ये १० वर्षांची पोकळी होती, असे सर्रास गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात ८ सप्टेंबर १९७३ ते १२ ऑक्टोबर १९७४ या काळात एनबीसी वाहिनीवर शनिवारी सकाळी हीच मालिका अ‍ॅनिमेशनच्या रूपात दाखवली गेली. पहिल्या हंगामात १६ आणि दुसऱ्यात ६, असे तिचे एकूण २२ भाग झाले. निर्मिती फिल्मेशन या संस्थेची होती, पटकथांची जबाबदारी मूळ मालिकेच्या लेखिका आणि कथासंपादक डी. सी. फोंटाना यांनी सांभाळली, आणि शॅटनर, निमॉय, केली, डूहान, निकोल्स, ताकेई व मॅजेल बॅरेट या मूळ मालिकेतल्या कलाकारांनी आपापल्या पात्रांना पुन्हा आवाज दिले. दूरचित्रवाणीचे एमी पारितोषिक मूळ मालिकेला एकदाही मिळाले नव्हते; १९७५ चे डेटाइम एमी या अ‍ॅनिमेटेड मालिकेला मिळाले, तेही बालमालिकांच्या विभागात.

मात्र हा धागा मी मालिकेइतकाच तिच्यावरून लिहिलेल्या पुस्तकांसाठी काढला आहे. अ‍ॅलन डीन फॉस्टर यांनी १९७४ ते १९७८ या काळात बॅलंटाइन प्रकाशनासाठी 'स्टार ट्रेक लॉग' या नावाने १० पुस्तके लिहिली आणि त्यांत २२ च्या २२ भागांना गद्यरूप दिले. एंटरप्राइज या अंतराळयानाच्या कप्तानाची नोंदवही पुढे कधीतरी एका आकाशगंगीय अभिलेखागारात उतरवून घेतली गेली, अशी त्यांची चौकट आहे. फॉस्टर तेव्हा तिशीच्याही अलीकडचे होते आणि त्यांची पहिली कादंबरी १९७२ मध्येच प्रसिद्ध झाली होती. पहिल्या सहा पुस्तकांत प्रत्येकी तीन भाग आहेत आणि हे तीन भाग सुटे न ठेवता एका सलग प्रवासातले टप्पे म्हणून जोडलेले आहेत. सातव्यापासून दहाव्यापर्यंत मात्र एका पुस्तकाला एकच भाग येतो. सुमारे २४ मिनिटांच्या कथेतून पूर्ण कादंबरी उभी करायची म्हटल्यावर जे घडेल ते या चार पुस्तकांत घडले आहे, आणि माझ्या मते साऱ्या पुस्तकमालिकेतला सर्वांत विचार करण्याजोगा मुद्दा तिथेच आहे. त्याकडे मी नंतर येतो.

मी पुस्तके आधी वाचली आणि मालिका बऱ्याच वर्षांनी पाहिली. पाहताना पहिल्या दोन-तीन भागांत माझी मोठी निराशा झाली. पात्रे एका जागी उभी राहून बोलतात, ओठांखेरीज काही हलत नाही, तेच ते चेहरे त्याच त्या कोनातून पुन्हा येतात, आणि संगीताचे ठरावीक तुकडे प्रत्येक भागात वाजतात. पुस्तकांनी माझ्या मनात जो विस्तार उभा केला होता त्याच्यापुढे हे सारे अगदी तुटपुंजे वाटले. पुन्हा पाहिल्यावर माझे मत बदलले, पण ते एका विशिष्ट दिशेने बदलले. या पटकथा मुलांसाठी म्हणून सौम्य केलेल्या नाहीत; त्या मूळ मालिकेच्याच तोडीच्या आहेत, फक्त त्यांना श्वास घ्यायला वेळ दिलेला नाही. तो वेळ फॉस्टर यांनी दिला. म्हणून मालिका आणि पुस्तके यांना मी मूळ कृती आणि तिची नक्कल मानत नाही. एकच कथा दोन वेळा सांगितली गेली आहे, आणि दोन्ही वेळा काहीतरी राहून गेले आहे, असे मी म्हणेन.

उदाहरण म्हणून पहिलाच भाग घेऊ. 'बियाँड द फार्दस्ट स्टार' हा सॅम्युअल पीपल्स यांनी लिहिला. मूळ मालिकेला वाहिनीची मंजुरी मिळवून देणारी दुसरी चाचणीकथा लिहिणारे लेखक तेच. एका मृत ताऱ्याभोवती ३० कोटी वर्षांपूर्वीचे एक प्रचंड यान फिरत असते. कोळ्याचे जाळे आणि फुलांच्या शेंगा यांचा मिलाफ वाटावा असा त्याचा आकार आहे. त्याच्या शेंगा आतून बाहेर फुटलेल्या दिसतात, आणि हळूहळू उलगडते की त्या जीवांनी आपले यान स्वतःच फोडले, कारण आत शिरलेली दुष्ट शक्ती दुसऱ्या जगांपर्यंत पोहोचू नये. शेवटी तीच शक्ती त्या मृत ताऱ्यापाशी एकटी उरते आणि मला सोडून जाऊ नका, अशी विनवणी करते. बालमालिकेचा पहिला भाग अशा विनवणीवर संपतो, हे मला आजही धाडसाचे वाटते. पडद्यावर मात्र ती विनवणी एका वाक्यात येते आणि यान पुढच्या मोहिमेला निघते. गद्यात तिच्यापाशी थांबता येते, मागे वळून त्या आत्मनाशाचा अर्थ लावता येतो. दुसरीकडे, त्या यानाचे पहिले दर्शन गद्याला कधीच साधणार नाही.

ज्यांनी दोन्ही पाहिले-वाचले आहे त्यांचे मत जाणून घ्यायला आवडेल. केवळ एकच वाचले वा पाहिले असेल, तरीही अवश्य लिहावे.

रेखाटन

धागा उत्तम आहे, पण चित्रांविषयीचा आपला सूर मला थोडा अन्यायकारक वाटला. फिल्मेशनची पद्धत मर्यादित अ‍ॅनिमेशनची होती. चेहऱ्यांचे आणि हालचालींचे ठरावीक संच एकदा नीट काढून ठेवायचे आणि ते पुनःपुन्हा वापरायचे, ही त्या काळातली दूरचित्रवाणीची अपरिहार्यता होती. त्या मर्यादेतून काही कल्पना अशा निघाल्या की त्या कथाविश्वाचाच भाग झाल्या. अंतराळपोशाखांऐवजी आलेला प्राणरक्षक पट्टा ही त्यांतलीच एक. कमरेला पट्टा आणि अंगाभोवती पिवळसर कडा एवढे दाखवले की निर्वात पोकळीत वावरायची सोय झाली आणि प्रत्येक पात्र पोशाखात नव्याने काढण्याचे कष्ट वाचले.

आता चित्रकाराच्या रेषेने काय मिळवून दिले तेही पाहावे. मूळ मालिकेत परग्रहवासी म्हणजे बहुतांशी कपाळाला किंवा कानांना काहीतरी चिकटवलेला माणूस असे. येथे सुकाणूपाशी तीन हात आणि तीन पाय असलेला अ‍ॅरेक्स बसतो, संदेशवहनाच्या जागेवर मांजरकुळातली म्रेस येते, आणि 'द अ‍ॅम्बरग्रिस एलिमेंट'मध्ये कप्तान कर्क व त्याचा व्हल्कन ग्रहावरचा अधिकारी स्पॉक यांचे जलचरांत रूपांतर होते. १९७३ मध्ये खऱ्या नटांना घेऊन यातले काहीही दूरचित्रवाणीच्या खर्चात शक्य नव्हते. आपण ज्या यानाच्या पहिल्या दर्शनाचा उल्लेख केला तेसुद्धा याच स्थिर, रंगवलेल्या पार्श्वचित्रांचे यश आहे. हालचाल कमी असल्यामुळे नजर त्या चित्रावर टिकते. आपल्याला तुटपुंजे वाटलेले ते स्थैर्य पुष्कळदा मला गांभीर्य वाटते.

आवाजांविषयी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. यानावरचे अधिकारी उहुरा आणि सुलू यांचे आवाज सुरुवातीला बॅरेट आणि डूहान यांच्याकडूनच काढून घ्यायचे ठरत होते. निकोल्स आणि ताकेई नसतील तर आपणही काम करणार नाही, अशी भूमिका निमॉय यांनी घेतली आणि मग त्या दोघांना बोलावले गेले. मूळ मालिकेतला चेकॉव्ह साकारणारे वॉल्टर कोनिग यांना स्थान मिळाले नाही; त्यांनी 'द इन्फिनिट व्हल्कन' हा भाग मात्र लिहिला.

पानोपानी

मृगनक्षत्र, आपल्या मांडणीशी मी निम्माच सहमत आहे. वेळ वाढवून दिला की कथा सुधारते, हे आपण गृहीत धरले आहे. माझ्या दृष्टीने या मालिकेतला सर्वोत्तम भाग, म्हणजे फोंटाना यांनी स्वतः लिहिलेला 'येस्टरइयर', नेमके याच्या उलट सिद्ध करतो.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भूतकाळाच्या अभ्यासाची एक मोहीम आटोपून स्पॉक परततो तेव्हा यानावर त्याला कोणीच ओळखत नाही. त्याच्या जागी एक अँडोरियन अधिकारी आहे, आणि नोंदींनुसार स्पॉक सात वर्षांचा असतानाच वारला आहे. पुढे त्याचे आईवडील विभक्त झाले आणि आईचा अपघाती मृत्यू झाला, असेही कळते. लहानपणी वाळवंटात आपल्याला वाचवणारा तो दूरचा नातलग आपण स्वतःच होतो, हे लक्षात आल्यावर तो ३० वर्षे मागे, व्हल्कनवर जातो. मुलाला तो वाचवतो, पण मुलामागोमाग आलेला त्याचा म्हातारा पाळीव सेहलाट (अस्वलासारखा प्राणी), आय-चाया, ले-मात्या या हिंस्र श्वापदाच्या विषारी पंजाने जखमी होतो. मुलगा एकटा वाळवंट ओलांडून वैद्याला घेऊन येतो, तोवर उशीर झालेला असतो. वेदना सोसत त्याला थोडे जगवायचे की शांतपणे जाऊ द्यायचे, हे त्या सात वर्षांच्या मुलाला ठरवावे लागते. तो जाऊ द्यायचे ठरवतो, आणि त्याच निर्णयासोबत भावना आवरण्याचा व्हल्कनचा मार्गही निवडतो.

मुलांच्या कार्यक्रमात पाळीव प्राण्याचा मृत्यू दाखवण्याविषयी वाहिनीला धास्ती होती, तरीही फोंटाना यांनी तो प्रसंग बदलला नाही. माझ्या मते त्या प्रसंगाची सारी ताकद त्याच्या आटोपशीरपणात आहे. मुलगा काय वाटते ते सांगत नाही, मोठा स्पॉक बाजूला उभा राहून पाहतो, आणि आपल्याला ठाऊक असते की मूळ इतिहासात हा प्राणी या दिवशी मेला नव्हता. फॉस्टर यांच्या पहिल्या लॉगमध्ये हीच कथा वाचताना मला सतत वाटत राहिले की भावना शब्दांत मांडल्या गेल्या की व्हल्कन मनाचे मौन भंगते. फॉस्टर यांचा निवेदक सुजाण आहे, वर्णन उत्तम करतो, पण त्याला गप्प राहणे जड जाते. भावना झाकून ठेवणे हाच ज्याचा विषय आहे अशा कथेला तो निवेदक फार बोलका ठरतो.

मृगनक्षत्र

पानोपानी, आपला मुद्दा मी मान्य करतो, आणि 'येस्टरइयर'पुरता तो पूर्णपणे मान्य करतो. शेवटी कर्क जेव्हा एका पाळीव प्राण्याच्या मरणाने काळाच्या ओघात फारसे बिघडत नाही अशा अर्थाचे काही बोलतो आणि स्पॉक त्याला अगदी मोजक्या शब्दांत उत्तर देतो, त्या जागी एकही जादा वाक्य खपणार नाही. तरीही एक गोष्ट मला पुस्तकातच मिळाली, ती म्हणजे अंतर. मुलगा रात्रीच्या वाळवंटातून वैद्याकडे धावतो तो प्रवास पडद्यावर क्षणांत उरकतो. पुस्तकात त्याच्यासोबत चालावे लागते, आणि उशीर का झाला असेल ते आपल्या पायांना कळते.

रेखाटन, स्थैर्याविषयीचे आपले निरीक्षण मला पटले. त्या दृष्टीने मी पुन्हा काही भाग पाहीन.

आता शेवटच्या चार पुस्तकांकडे येतो. सातव्या लॉगमध्ये 'द काउंटर-क्लॉक इन्सिडेंट', आठव्यात 'द आय ऑफ द बिहोल्डर', नवव्यात 'बेम' आणि दहाव्यात 'द स्लेव्हर वेपन' अशी विभागणी आहे. या पुस्तकांत मालिकेतल्या भागाचे कथानक हा केवळ एक हिस्सा उरतो आणि बाकीचे सारे फॉस्टर यांनी स्वतः रचलेले आहे. पुष्कळ वाचक याला भरताड म्हणतात. मला तसे वाटत नाही, पण चारही पुस्तकांना एकाच मापाने मोजता येत नाही, हेही खरे आहे.

'द काउंटर-क्लॉक इन्सिडेंट' घ्या. एंटरप्राइजचा पहिला कप्तान रॉबर्ट एप्रिल आणि त्याची पत्नी सेरा, जी त्याच यानावर वैद्यकीय अधिकारी होती, हे दोघे आता वृद्ध झाले आहेत. ७५ व्या वर्षी सक्तीची निवृत्ती असते आणि त्या समारंभासाठी त्यांना नेले जात आहे. यान काळाचा प्रवाह उलटा असलेल्या विश्वात ओढले जाते, सारे जण वयाने लहान होऊ लागतात, आणि तरुण कर्मचाऱ्यांची बालके होत असताना यान चालवू शकेल असा एकमेव अनुभवी माणूस म्हणजे पुन्हा तरुण झालेला एप्रिल उरतो. शेवटी तारुण्य जवळ ठेवण्याची संधी असूनही ते दोघे आपले वय परत घेतात. ही कल्पना एका भागात मावत नाही. भौतिकशास्त्राच्या अंगाने ती ठिसूळ आहे आणि फॉस्टर यांनाही ती सावरता आलेली नाही, मात्र वृद्ध दांपत्याच्या त्या निर्णयाभोवती जी मोकळी जागा हवी होती ती कादंबरीच्या लांबीलाच परवडते. असे असूनही त्या पुस्तकाचा मोठा भाग वेगळ्याच साहसाकडे वळतो. माझी तक्रार असलीच तर ती एवढीच आहे की जिथे थांबायला हवे होते तिथे फॉस्टर पुढे निघून गेले.

शांतरेषा

मी फक्त मालिका पाहिली आहे. सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी? आणि जेम्स ब्लिश यांची 'स्टार ट्रेक' पुस्तकेही याच भागांवर आहेत का?

अरुंधती_तारा

शांतरेषा, ब्लिश यांची पुस्तके वेगळी. त्यांनी १९६७ पासून बँटम प्रकाशनासाठी मूळ मालिकेतल्या भागांना कथारूप दिले. १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांची पत्नी जे. ए. लॉरेन्स यांनी उरलेले काम पूर्ण केले. ब्लिश एका पुस्तकात अनेक भाग बसवत, त्यामुळे त्यांची कथा पटकथेच्या सारांशासारखी आटोपशीर असते. फॉस्टर यांना मुळातच कमी भाग वाट्याला आले होते, म्हणून त्यांनी नेमकी उलटी वाट धरली. सुरुवात पहिल्या लॉगनेच करावी, कारण 'येस्टरइयर' त्यातच आहे. त्यानंतर थेट दहावा वाचलात तरी चालेल.

दहाव्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण या धाग्याचा मूळ प्रश्न तिथे सर्वांत अवघड रूपात समोर येतो. 'द स्लेव्हर वेपन' ही लॅरी निव्हन यांची पटकथा त्यांच्याच 'द सॉफ्ट वेपन' या १९६७ मधल्या कथेवरून बेतलेली आहे, आणि त्या कथेचा 'स्टार ट्रेक'शी काही संबंध नव्हता. अब्जावधी वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या स्लेव्हर जमातीच्या काळ गोठवून ठेवणाऱ्या पेट्या, आणि माणसांशी पुनःपुन्हा लढून हरलेले मांजरसदृश क्झिंटी, हे सारे निव्हन यांच्या स्वतंत्र कथाविश्वातले घटक आहेत. पटकथेत निव्हन यांनी ते एका छोट्या यानातून जाणाऱ्या स्पॉक, उहुरा आणि सुलू यांच्या कथेत आणून बसवले. कर्क त्या भागात नाहीच, आणि एंटरप्राइजही दिसत नाही. म्हणजे फॉस्टर यांच्या हाती कथा आली तेव्हा ती दोनदा सांगून झालेली होती आणि मूळ लेखक त्यांच्या समकालीनांतला एक नावाजलेला विज्ञानकथाकार होता.

अशा कथेला कादंबरीच्या लांबीपर्यंत न्यायचे म्हणजे दुसऱ्याच्या घरात खोल्या वाढवण्यासारखे आहे. फॉस्टर यांनी निव्हन यांच्या कथेच्या गाभ्याला फारसा धक्का लावलेला नाही, आणि आपली रचना तिच्या भोवती ठेवली आहे. मला ही विनम्र निवड वाटते. मात्र त्यामुळे पुस्तकाचे दोन वेगळ्या पोताचे तुकडे जाणवतात. निव्हन यांचा भाग एखाद्या कोड्यासारखा घट्ट आहे: शस्त्र काय काय करू शकते, ते एकेका पायरीने उघड होते, आणि शेवटी शस्त्रच शत्रूला फसवते. फॉस्टर यांचा भाग प्रवासवर्णनासारखा पसरतो. दोन्ही मला आवडतात, पण ते एकमेकांत मुरत नाहीत.

रेखाटन

अरुंधती, आपल्या शेवटच्या वाक्याशी सहमत. पडद्यावर हा जोड अधिक नीट बसला आहे, आणि त्याचे कारण कर्कची अनुपस्थिती हेच असावे. नेहमीची चौकट नसल्यामुळे कथेला स्वतःच्या गतीने जाता येते, आणि उहुरा व सुलू यांना मूळ मालिकेत क्वचितच मिळालेला वाव मिळतो. 'द लोरेलाय सिग्नल'मध्ये तर उहुरा यानाची सूत्रे स्वतःच्या हाती घेते. मूळ मालिकेच्या ७९ भागांत ते एकदाही घडले नव्हते.

उत्तररात्र

एक मुद्दा अद्याप कोणी मांडला नाही. ही मालिका 'अधिकृत' मानायची की नाही, हा वाद अनेक वर्षे चालला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'स्टार ट्रेक'चे जनक जीन रॉडनबेरी यांच्या कार्यालयाने तिला अधिकृत इतिहासातून वगळले होते. २००६ मध्ये तिची डीव्हीडी आली आणि हळूहळू तिचे स्थान पुन्हा मान्य झाले. दरम्यान तिच्यातल्या गोष्टी इतरत्र झिरपतच होत्या. कर्कच्या नावातला 'टायबेरियस' प्रथम 'बेम' या भागात उच्चारला गेला आणि १९९१ च्या चित्रपटात आला. आय-चायाच्या जातीचा सेहलाट २००४ मध्ये 'एंटरप्राइज' मालिकेत दिसला, आणि रॉबर्ट एप्रिल २०२२ मध्ये 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'मध्ये. 'द प्रॅक्टिकल जोकर'मधला मनोरंजन कक्ष पाहिला की पुढच्या काळातल्या मालिकांमधल्या होलोडेकची, म्हणजे आभासी जग उभे करणाऱ्या कक्षाची, आठवण होतेच.

पण यातून पुस्तकांना काहीच मिळाले नाही, याचे मला वाईट वाटते. मालिका परत आली, तशी फॉस्टर यांनी वाढवलेली कथानके आली नाहीत. ती वाचकांच्याच स्मरणात राहिली आहेत.

पानोपानी

उत्तररात्र, ती वाचकांच्या स्मरणात राहिली हे मला त्यांच्या दृष्टीने चांगलेच वाटते. अधिकृत ठरण्याचे ओझे नसल्यामुळेच फॉस्टर यांना इतके मोकळेपणाने लिहिता आले असावे. माझा आक्षेप त्या मोकळेपणाला कधीच नव्हता. 'येस्टरइयर'मध्ये तो अस्थानी वाटला, एवढेच. मृगनक्षत्र, पुस्तक सरस ठरले असा आपल्या मते निर्विवाद भाग कोणता?

मृगनक्षत्र

पहिल्याच लॉगमधली तिसरी कथा, 'वन ऑफ अवर प्लॅनेट्स इज मिसिंग'. दिग्दर्शक म्हणून परिचित असलेल्या मार्क डॅनियल्स यांनी ही पटकथा लिहिली. ग्रह गिळत जाणारा एक अतिप्रचंड मेघ ८ कोटी २० लाख वस्तीच्या मँटिलीस ग्रहाकडे निघाला आहे. एंटरप्राइज त्याच्या पोटात शिरते आणि तिथे कळते की हा मेघ जिवंत आहे, आणि कदाचित विचारही करतो. कर्कपुढे प्रश्न उभा राहतो की एवढ्या लोकांना वाचवण्यासाठी एका विचारी जीवाला मारावे का. स्पॉक त्याच्या मनाशी मन जोडतो, त्याला आपल्या डोळ्यांनी पृथ्वीवरची माणसे पाहू देतो, आणि आपण जे खातो त्यावर एवढे लहान जीव राहतात हे त्या मेघाला पहिल्यांदाच उमगते.

पडद्यावर याची अडचण अशी आहे की मेघाचे मन दाखवायला चित्राकडे काही नाही. स्पॉक डोळे मिटून बोलतो आणि मेघाचे शब्द ऐकू येतात, एवढेच शक्य होते. रेखाटन यांनी सांगितलेले स्थैर्य येथे कामी येत नाही, कारण पाहण्याजोगे जे आहे ते आत आहे. गद्याला मात्र तिथे मोकळे रान मिळते. ज्याने आयुष्यभर स्वतःखेरीज दुसरा जीव पाहिलेला नाही, ज्याला 'लहान' म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्याच्या बाजूने विचार करून पाहणे हे भाषेचे काम आहे. त्या पानांवर मी दर वेळी वाचनाचा वेग कमी करतो. स्पॉक त्या मनात असतो तसाच तो मेघही क्षणभर स्पॉकच्या शरीरात असतो आणि यानाच्या कक्षात उभ्या असलेल्या माणसांकडे बघतो. मग तो आला होता तिकडेच, आकाशगंगेच्या बाहेर, परतायला निघतो.